पानं तुझी, फुलपाखरं माझी

कमलने शेरवडाचं पान उलटं केलं, चिमट्यात अळी धरली आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात सोडली. अळी तपकिरी, अंगभर काटे, दिसायला थेट वाळकी काटकी. ती सापडायची म्हणजे नजर हवी. अर्धं पान खाऊन झालं की उरलेल्या शिरेला ही बया वाळक्या पानांचे तुकडे लोंबकळत ठेवायची आणि त्या कचऱ्यात स्वतः लपून बसायची. अळ्या आल्या त्या पहिल्या वर्षी कमल त्या कचऱ्याला फसली होती. आता ती आधी कचराच शोधायची.

"पुरे आता," व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीतून मॉड आंटी म्हणाल्या. "सकाळपासून नुसता मर्डर चाललाय."

"पानं बघा आधी, आंटी. चाळण झालीय चाळण."

"पानं तुझी. मी कुठे नाही म्हणते? पण अळ्या माझ्या आहेत."

"तुमच्या कशा? खातात माझं."

"खातात तुझं, पण फुलपाखरं होतात ती माझी."

कमलने पुढचं पान उलटं केलं.

गिरगावातल्या त्या वाडीत हा वाद दर श्रावणात व्हायचा आणि त्याला कारण होता एक करार. कमल राणे राहायची चाळीत, पहिल्या मजल्यावर. चाळीला गॅलरी होती, नळ होते, भांडणं होती, फक्त माती नव्हती. माती होती ती भिंतीपलीकडे, मॉड परेरांच्या कौलारू घराच्या अंगणात, क्रॉसच्या मागच्या कोपऱ्यात. पाच वर्षांपूर्वी कमलने गावाहून, कणकवलीजवळच्या घरामागून, शेरवडाच्या तीन फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या. दोन कुंडीतच वाळून गेल्या. तिसरी जगली, पण शेरवड हे काही कुंडीत हात जोडून बसणारं झाड नव्हे. त्याला पसरायला हवं, भिंतीवर रेलायला हवं. म्हणून कमल कुंडी काखेत मारून सरळ आंटींच्या दारात जाऊन उभी राहिली.

आंटींनी तिला तेव्हा बराच वेळ उभं ठेवलं होतं. फोर्टातल्या एका कंपनीत उभी हयात कागदपत्रं टाइप करण्यात गेलेली बाई. ती हो म्हणणार तर कलमांसकट म्हणणार.

"याचा उपयोग काय?" त्यांनी विचारलं.

कमलने सांगितलं. शेरवडाला बारीक केशरी फुलं येतात, चांदण्यांसारखी. आणि फुलांच्या झुबक्यात मधेच एखादं पान पांढरंशुभ्र होतं, दुधात बुडवून काढल्यासारखं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, माटवी. तिला रानातली फळं, फुलं, आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, बांधतात. त्यात शेरवडाची ती पांढरी पानं लागतातच.

"आणि त्याच्यावर फुलपाखरं येतात भरपूर," कमलने आपली पदरची भर घातली होती.

हे ऐकून आंटींचा चेहरा बदलला. गुडघे गेल्यापासून त्यांचं जग व्हरांड्याएवढं झालं होतं. चर्चला जायचं तरी पुतण्या डॅरेनची गाडी लागायची. त्या म्हणाल्या, "ऑल राइट. पानं तुझी, फुलपाखरं माझी." आणि चक्क हात पुढे केला. कमलनेही पदराला हात पुसून तो धरला. अळीचा विचार तेव्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आला नव्हता.

झाड मात्र दोघींनी मिळून वाढवलं हे खरं. वैशाखात कमल त्याला निर्दयपणे छाटायची, म्हणजे पावसात नवे धुमारे फुटून फुलं ऐन गणपतीत यावीत. मासळी धुतलेलं पाणी ती न चुकता आणून ओतायची. श्रावणात तिच्याकडे मासळी बंद, तेव्हा आंटींच्या बोंबलांचं पाणी शेरवडाच्या मुळाशी जायचं. तिसऱ्या वर्षी झाड भिंतीच्या वर डोकावलं. शिंजीर पक्षी येऊ लागले, काळ्या मुंग्या आल्या, आणि ती तांबूस पंखांची, मधोमध पांढरा पट्टा असलेली फुलपाखरं आली. आंटी त्यांना "माय बॉइज" म्हणायच्या. ती येऊन झाडाभोवती घिरट्या घालायची आणि एकेका पानाच्या टोकाशी क्षणभर टेकून जायची. ती अंडी घालतायत हे कमलला कळलं, तेव्हापासून तिने डबा आणि चिमटा घेतला.

एरवी तिने थोडं दुर्लक्षही केलं असतं. या वर्षी तिला एकही पान गमवायचं नव्हतं.

या वर्षी राण्यांचा गणपती पहिल्यांदाच मुंबईत, तिच्या दोन खोल्यांत येणार होता. गावच्या घरात आता एकटी राधाबाई उरली होती, कमलची मोठी जाऊ. तिच्याने एकटीने होईना. मग गणपती कुणी न्यायचा यावर चार महिने फोनाफोनी झाली. राधाबाईचा मुलगा हितेंद्र पुण्याला होता, मोठ्या फ्लॅटमध्ये. तो न्यायला तयार होता, पण पाच दिवसांचा दीड दिवस करीन म्हणत होता, आणि माटवी म्हणजे काय ते त्याच्या बायकोला फोटो पाठवून समजवावं लागलं होतं. कमल म्हणाली, "माझ्याकडे आणा. गावासारखं सगळं करते." राधाबाईने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. या वर्षी मुंबईला करून बघू, ती म्हणाली. जमलं तर कायमचं मुंबईला. नाही जमलं तर पुढल्या वर्षीपासून पुण्याला.

कमल लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून धाकटी सूनच होती. गणपतीत तिने सदैव चुलीमागे बसून नारळ खवले. देवापुढे उभं राहायची पाळी कधी आली नाही. आता ती साठीला टेकली होती आणि देव आपल्या दारी यावा, असं तिला फार, फार वाटत होतं. ते तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. फक्त घरभर रंग लावून घेतला आणि डबा-चिमटा घेऊन रोज सकाळी भिंतीपलीकडे जाऊ लागली.

राधाबाई चतुर्थीच्या चार दिवस आधी आली. दादरला उतरून टॅक्सीने वाडीत पोचली, हातपाय धुतले, चहा नको म्हणाली आणि पहिला प्रश्न विचारला.

"शेरवड खय हा?"

कमल तिला घेऊन आंटींच्या अंगणात गेली. राधाबाईने पदर कानामागे सारला, चष्मा पुसला आणि झाडाभोवती फेरी मारली. मुलगी बघायला आल्यासारखी ती त्या झाडाकडे बघत होती. पांढरी पानं आली होती, भरपूर नसली तरी पुरेशी.

"आपल्या परसातलोच मा हो?"

"तुमच्या हातचीच फांदी, वैनी. विहिरीकडची."

"बरां. माटवीत शेरवड विकतचो चलणा नाय आपल्यात. बाकी कायव बाजारातसून घे." मग तिची नजर डब्यात गेली. साबणाच्या फेसात अळ्या तरंगत होत्या. "ह्यां बरां केलंस. किड्यांका दयामाया नको."

व्हरांड्यात खुर्ची करकरली. राधाबाईने आंटींना नमस्कार केला आणि पुन्हा झाडाकडे वळली. दोघींनी एकमेकींना एका नजरेत ओळखलं असावं. दोघीही नियमांच्या बायका होत्या.

त्या दिवसापासून राधाबाई घरात नियम सांगत बसली. देवाचं तोंड कुठे, समई कुठे, पहिला मोदक कुणी वळायचा. कमल मान डोलवायची, तिचा नवरा गणपत पाट धुवायचा आणि मुलगा दीपक ऑफिसातून येताना यादीतलं काहीतरी विसरून यायचा. सगळ्यांत मोठा नियम माटवीचा होता. देव आणि माटवी एकदमच उठायची. माटवी मागे ठेवून देव पाठवायचा नाही, आणि देव बसलेला असताना माटवीतलं काही सोडायचं नाही, मग ते कुजो की गळो.

"हितेंद्र म्हणता, दीड दिवसात करूया," तांदूळ निवडता निवडता राधाबाई म्हणाली. "तेका काय सांगू? तेच्याच वक्ताक माका आठवो म्हयनो लागललो. घरात पोटुशी बाई असली तर आपल्यात देव हलवणत नाय. सासूबाईंनी देव हलवूक नाय. दिवाळी इली, देव तसोच. माटवी सुकान गेली तरी तशीच वर. हितेंद्र झालो, बारसा झाला, मगे देव गेलो."

"मला आठवतं ना," कमल म्हणाली. ती तेव्हा नवी नवरी होती. गणपतीपुढे दिवाळीचा फराळ ठेवलेला तिने त्याच वर्षी बघितला होता.

"आणि तो दीड दिवस करता," राधाबाई म्हणाली आणि तांदळातला खडा जोरात भिरकावून दिला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कमल कात्री घेऊन अंगणात गेली. सोबत तंबाखूचं पाणीही होतं. कापण्याआधी एकदा फवारायचं, म्हणजे देवाच्या डोक्यावर अळी वळवळायला नको, असा तिचा हिशोब.

"ते कशाला?" आंटींनी विचारलं. "कापणारच आहेस ना?"

"उरलेल्या झाडाला पण लागतं, आंटी. नवी पानं येतायत."

"गणपती उद्या बसेल. मग ती पानं कुणाला हवीत? एवढ्या अळ्या तरी सोड मला." त्यांनी काठी टेकली आणि चक्क उठून उभ्या राहिल्या. "या वर्षी नवीन एक झालं नाही, कमल. एक नाही. येतात, अंडी घालतात, जातात. नवीन एकही निघालेलं बघितलं नाही मी. रोज इथे बसून मी काय बघते, सांग? तुझा डबा बघते."

कमलला वाईट वाटलं. पण तिला घरी पाटावर चष्मा लावून बसलेली राधाबाई दिसत होती, आणि माटवीत हात घालून एकेक पान तपासणारी तिची बोटं. तिने फवारणीची बाटली हातात घेतली.

"आंटी, माझा पण इलाज नाही हो."

आंटी आत गेल्या. दार बंद झालं. त्या घराचं दार दिवसा बंद झालेलं कमलने त्यापूर्वी बघितलं नव्हतं.

ती फवारून मोकळी झाली आणि मग कापायला लागली. सगळ्यांत चांगली फांदी भिंतीच्या आतल्या अंगाला, क्रॉसच्या आडोशाला होती. तिथे फवाराही पोचला नव्हता. तिला पांढरी पानं एकाला एक लागून आली होती, एकावरही डाग नाही. खाली देठाला एक पीळ पडलेलं वाळकं पान तेवढं चिकटलं होतं. कमलने ते ओढून बघितलं. ते काही सुटेना आणि जास्त ओढलं तर शेजारचं पांढरं पान फाटलं असतं. राहू दे, तिने मनात म्हटलं. एरवी नेमका कचराच शोधणारी तिची नजर त्या दिवशी पांढऱ्या पानांवर होती. फांदी तिने ताटात आडवी न टाकता, तान्ह्या मुलासारखी हातांवर घेऊन वर आणली.

माटवी बांधली ती राधाबाईनेच. लालभडक कवंडळं, कांगणीच्या फळांचे झुबके, सुपारीचा घोस, तवसं म्हणजे मोठी काकडी, आंब्याचे टाळे. मधोमध शेरवड. स्टुलावर उभं राहून तिने शेवटची गाठ मारली, खाली उतरली, हात कमरेवर ठेवून वर बघितलं.

"गावच्यासारखी दिसता," ती म्हणाली.

कमल स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून थोडी रडली. मग तोंड धुऊन तिने उकड काढायला घेतली.

पहिले चार दिवस कसे गेले ते तिला कळलंच नाही. आरत्या झाल्या, चाळ येऊन गेली, मोदक एकदाही फुटले नाहीत. दीपक आरतीत नेहमीच्या ठिकाणी चुकला, पण ते गावीही चुकायचं. हितेंद्रचा रोज पुण्याहून व्हिडिओ कॉल यायचा. "मग आई, पुढल्या वर्षाचं काय?" तो विचारायचा. राधाबाई म्हणायची, "बघूया. पाच दिवस होऊ देत."

एक गोष्ट मात्र सलत राहिली. पहिल्या दिवशी तिने दीपकबरोबर मॉड आंटींकडे मोदकांची ताटली पाठवली. ताटली संध्याकाळी परत आली, धुतलेली, पुसलेली आणि रिकामी. इतक्या वर्षांत आंटींनी ताटली रिकामी पाठवली नव्हती. कधी केळं, कधी केकचा तुकडा, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. कमलने ती ताटली मांडणीवर ठेवली आणि नंतर तिच्याकडे बघायचं टाळलं.

पाचव्या दिवशी दुपारी चार वाजता खाली टेम्पो येऊन उभा राहिला. चौपाटी काही लांब नव्हती, पण गर्दी व्हायच्या आत निघावं असं ठरलं होतं. चाळीतली पोरं जिन्यात जमली होती, एकाच्या गळ्यात ताशा होता. गणपतने सोवळं नेसून उत्तरपूजेची तयारी मांडली. एकदा उत्तरपूजा होऊन मूर्ती जागची हलली की संपलं, मग थांबणं नाही.

तेवढ्यात जिन्यात काठी वाजली. एक पायरी, थांबणं, पुन्हा एक पायरी. डॅरेनने आंटींना दंडाला धरून वर आणलं होतं. त्यांनी ठेवणीतला निळा फ्रॉक घातला होता आणि त्यांना चांगलाच दम लागला होता.

"भांडण तुझ्याशी आहे," त्या कमलला म्हणाल्या. "त्याच्याशी नाही. तो जातोय तर बाय करायला आले."

कमलने पटकन खुर्ची सरकवली. आंटी बसल्या, मूर्तीकडे बघून त्यांनी क्रॉस केला, मग हात जोडले. नंतर त्यांची नजर वर गेली. माटवी त्यांनी आजवर नुसती ऐकली होती. कवंडळं बघितली, सुपाऱ्या बघितल्या, आपल्या अंगणातला शेरवड बघितला. पांढरी पानं आता कडांना पिवळी पडली होती. आंटींनी चष्मा काढला, फ्रॉकला पुसला, पुन्हा लावला.

"कमल," त्या हळूच म्हणाल्या. "इकडे ये."

"काय?"

"ते सुकं पान."

कमलने वर बघितलं. देठाला लोंबणारं ते वाळकं पान. बाकी माटवी पाच दिवसांत सुकली, मऊ पडली, हे मात्र होतं तसंच होतं. नाही, तसंच नव्हतं. रंगाने काळवंडलं होतं. आणि वारा नसताना, पंखा बंद असताना, ते एकदा हललं.

"कोष आहे तो," आंटी म्हणाल्या. "काळा पडला म्हणजे आज नाही तर उद्या निघणार. माझं आहे गं त्यात."

"काढून देऊ?"

"हात लावू नको. आता हललं तर पंख वाकडे येतील. उडता येणार नाही." मग त्यांनी स्वतःला सावरलं. "जाऊ दे. तुझा देव आहे. मी फक्त तुला दाखवलं."

त्यांनी हट्ट धरला असता तर कमलला सोपं गेलं असतं. त्यांनी धरला नाही. काठी मांडीवर आडवी ठेवून त्या नुसत्या वर बघत बसल्या.

"भावजी, घ्या सुरू करून," राधाबाई म्हणाली. खाली ताशा कडाडला.

गणपतने पळीत पाणी घेतलं. कमलला माटवी चौपाटीवरच्या लाटेत आपटताना दिसली. समोर राधाबाई पदर सावरून बसली होती, पाच दिवस विनाचूक झाल्याचं समाधान तोंडावर घेऊन. अजून एक तास. एका तासात सगळं सुरळीत पार पडणार होतं, आणि राधाबाई पुण्याला फोन करून मुंबईचं नाव घेणार होती. कमलला ते फार हवं होतं. पण करार म्हणजे करार. पानं तिची होती. हे नव्हतं.

"अहो, थांबा," ती म्हणाली.

गणपतची पळी हातातच राहिली.

"देव आज हलत नाही."

जिन्यातल्या पोरांपैकी कुणीतरी ताशेवाल्याला गप्प केलं. राधाबाईने सावकाश मान वळवली.

"कित्याक?"

"तुम्हीच सांगितलंत, वैनी. घरात कुणी पोटुशी असेल तर आपल्यात देव हलवत नाहीत."

राधाबाईने दीपककडे बघितलं. त्याचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. तो घाबरून दोन पावलं मागे सरला. मग तिने दारातल्या शेजारणींकडे बघितलं, मग पुन्हा कमलकडे.

"कोण पोटुशी हा गो?"

कमलने बोट वर केलं.

राधाबाईला आधी काही कळलं नाही. मग ती उठली. स्टूल ओढलं. दीपक धरायला धावला, त्याचा हात तिने झटकला. वर चढून तिने चष्मा नाकावर खाली घेतला आणि शेरवडाच्या फांदीजवळ तोंड नेलं. आपल्या हाताने मारलेली गाठ तिच्या डोळ्यांसमोर होती आणि त्या गाठीखाली ते काळं, पीळ पडलेलं काहीतरी. ते पुन्हा हललं. राधाबाई दचकली नाही. वाकून, श्वास लागू नये म्हणून तोंडावर पदर धरून, ती बघत राहिली.

कमल खाली उभी होती. आता ही काय बोलेल ते बोलेल, तिने मनाशी म्हटलं. पुण्याला तर पुण्याला. आपण बोललो ते मागे घ्यायचं नाही.

"दिवस भरले दिसतत," वरून राधाबाई म्हणाली. विचारलं मात्र तिने आंटींना.

"उद्या," आंटी म्हणाल्या. "फार तर परवा."

राधाबाई खाली उतरली, दमली म्हणून स्टुलावरच बसली. तिने मूर्तीकडे बघितलं, मग पूजेच्या तबकाकडे.

"भावजी, ती पळी ठेया खाली," ती म्हणाली. "दीपक, टेम्पोवाल्याक परत पाठव. आणि त्या पोरांका सांग, ताशो वाजवू नकात, घरात अवघडलेली हा."

जिन्यात हसण्याची एक लाट खालपर्यंत गेली. आंटींनी डॅरेनकडून रुमाल मागून घेतला. कमल संध्याकाळच्या नैवेद्याला तांदूळ काढायला वळली.

"आणि गो कमल," मागून राधाबाईचा आवाज आला. "पुढल्या वर्साक मी हय येतलंय, तेव्हा तो साबणाच्या पाण्याचो डबो माका दिसता नये."